मुक्काम पणजीत करावा की कळंगुटला?

मांडवी नदीतला कॅसिनो एकदा बघायचाय, समुद्रही हवाय, आणि दोघांच्या दोन रात्रींसाठी हाताशी पैसे बेताचेच आहेत. मग खोली कुठे घ्यायची? डिसेंबर जवळ आला की आमच्या परळच्या ऑफिसात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. मी दोन्हीकडे राहिलोय, आधी कळंगुटला आणि नंतर दोनदा पणजीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाण्याच्या खर्चात दोन्हींमध्ये फारसा फरक पडत नाही. रात्रीची कोकणकन्या धरायची. कळंगुटसाठी थिवीला उतरायचं, पणजीसाठी करमळीला. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख ठरली की त्याच सकाळी तिकीट काढून टाका. आयत्या वेळी बसने गेलात तर सुट्टीच्या दिवसांतलं भाडंच तुमचं बजेट खाऊन टाकेल.

समुद्राच्या बाबतीत कळंगुट सरस, हे मोकळेपणाने मान्य करतो. सकाळी उठून अनवाणी चालत पाण्यात शिरायचं सुख पणजीत नाही. तिथे मिरामार आहे, वाळू छान आहे, संध्याकाळी बसायला फार बरं वाटतं. पण मांडवी तिथेच समुद्राला मिळते, पाणी गढूळ असतं आणि डुंबावंसं वाटत नाही. लहान मुलं बरोबर असतील आणि कॅसिनो हे नुसतं निमित्त असेल, तर कदाचित कळंगुटच बरं.

पण कॅसिनो खरोखर बघायचा असेल तर गणित बदलतं. गोव्यात जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांना फक्त मशीनवरच्या खेळांची परवानगी आहे. समोर पत्ते वाटणारा माणूस हवा असेल तर जुगाराच्या कायद्यातल्या १९९६ च्या दुरुस्तीनंतर परवानगी मिळालेल्या जहाजांवरच जावं लागतं, आणि ती जहाजं उभी आहेत पणजीच्या धक्क्यासमोर. प्रवेशाच्या पैशांत जेवण आणि बहुतेक ठिकाणी खेळायचे थोडे चिप्सही येतात, म्हणून आत जायचं ते जेवणाच्या वेळेआधी आणि उपाशीपोटी. शुक्रवार ते रविवार दर चढे असतात, सोमवार-मंगळवार बघा. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ हवं. चपला आणि बर्म्युड्यावर पुरुषांना बहुधा आत सोडत नाहीत.

माझं मत ठरलं ते परतीच्या वाटेवर. आम्ही दोघं रात्री साडेबाराला धक्क्यावर उतरलो. खेळायला ठरवून नेलेले हजार रुपये संपले होते, त्याचं काही वाटलं नाही, ते गेलेच असं धरून आलो होतो. पण कळंगुटची खोली होती नऊशेची, आणि तिथवरच्या पंधरा-एक किलोमीटरांना टॅक्सीवाल्याने मागितले बाराशे. बस संध्याकाळनंतर विरळ होत जातात, त्या वेळी तर एकही नव्हती. भाड्याची स्कूटर होती, पण दोन पेग घेतल्यावर अंधाऱ्या रस्त्यावर बायकोला मागे बसवून चालवायची नाही हे माझं पक्कं होतं. अर्धा तास घासाघीस करून हजाराला गेलो. पोहोचेपर्यंत दोघं गप्प होतो. जहाजावरची सगळी मजा त्या अर्ध्या तासात उतरली. कोणाला कदाचित टॅक्सी स्वस्तात मिळेलही. मला मिळाली नाही.

पुढच्या खेपेला पणजीत मळा नावाच्या जुन्या वस्तीजवळ खोली घेतली. थोडी महाग पडली, बाराशे. जहाजावरून उतरलो आणि वीस मिनिटांत चालत खोलीवर. रस्त्यावर दिवे होते, नदीचा वारा होता, आणि बायको आपणहून म्हणाली, "अजून थोडं चालूया का?"

दिवसाही पणजी खिशाला सोसते. सकाळी पातळ भाजी-पाव, दुपारी कुठल्याही साध्या खानावळीत माशाची थाळी. जुन्या गोव्याला कदंबच्या, म्हणजे सरकारी, बसने जा. नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट पायी जाणाऱ्याला फुकट आहे, आणि त्या पाच-दहा मिनिटांत जहाजं दिवसाउजेडी जवळून दिसतात. समुद्राची हौस एका दिवसात भागवायची: पणजी-म्हापसा शटल बस, तिथून कळंगुटची बस, दिवसभर पाण्यात आणि अंधाराच्या आत परत. उलट बाजूने हे जमत नाही, कारण समुद्र दिवसा बघायचा असतो आणि कॅसिनो रात्री.

म्हणजे दोन दिवसांत कॅसिनो बसवायचा असेल, तर मी तरी पणजीच घेईन. मळ्यातल्या जुन्या घरांत खोल्या मोजक्याच असतात, त्यामुळे रेल्वेचं तिकीट हातात आलं की त्याच दिवशी फोन करून सांगून ठेवा, आणि धक्का चालत किती मिनिटांवर आहे तेही विचारा.