पणजोबांच्या वडलांचं नाव शोधायचंय: तीर्थोपाध्यायांची वही की तहसीलचा रेकॉर्ड?

मामेभावाने विचारलं आधी कुठे जाऊ, नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे (यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या पिढ्या वहीत लिहून ठेवणारे पुरोहित) की तहसीलला. मी दोन्ही केलंय म्हणून सांगते.

खर्च म्हणाल तर तहसीलात नकलेची फी किरकोळ, पण खेपा फार, तीर्थोपाध्यायांकडे दक्षिणा आपल्या मनाने आणि मूळ गाव-आडनाव नीट सांगितलं तर काम एका बैठकीत. पिढ्या मात्र वहीतच सलग मिळतात, कोण कोणाचा मुलगा, कधीकधी बायकांचीसुद्धा नावं, आणि नोंदीखाली तिथे आलेल्या माणसाची मोडीतली सही. ती सही बघून मला भरून आलं. पण वहीत घरचं कोणी गेलं तेव्हाच नोंद, मधली चाळीस वर्षं कोरी असू शकतात.

तहसीलात मिळतो तो इंग्रजांच्या काळातला कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४, त्यात तारीख आणि जात असते, पण बाळाचं नाव बऱ्याचदा नाहीच, नुसतं बापाचं नाव आणि 'मुलगा', आडनावही गायब. मोडी वाचणारा दोन्हीकडे लागतो.

वंशावळ जोडायचीय तर आधी वही, तारीख किंवा जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा असेल तर तहसीलची सही-शिक्क्याची नक्कल. गावच माहीत नसेल तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा.