रॉकवेल बोल्ड इटॅलिक: आठ महिने वापरल्यावर

पोस्टर, मुखपृष्ठं, व्हिडिओंची शीर्षकं, सगळीकडे हाच फॉन्ट लावला. नको तिथेही लावला, ते पुढे येईलच.

मोनोटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीनं 1934 साली बाजारात आणलेलं हे अक्षरकुटुंब. सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांवरचे छोटे फटकारे, चौकोनी पट्टीसारखे, रेषांची जाडी जवळपास एकसारखी, ओ कंपासनं काढल्यासारखा, आणि कॅपिटल ए-च्या शेंड्यावर एक आडवी पट्टी. सरळ बोल्डमध्ये ही अक्षरं पाय रोवून उभी असतात. तीच झुकली की वजन तेवढंच राहतं, पण अंगात चाल येते. माल भरलेला ट्रक वळण घेताना दिसतो ना, तसं. तीन-चार शब्दांचं शीर्षक 60 पॉइंटच्या वर न्या आणि बघा.

पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. अजून जाड हवं म्हणून एक्स्ट्रा बोल्ड घेतला आणि इटॅलिकचं बटण दाबलं. माझा संच मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत आलेला. त्यात साधा, इटॅलिक, बोल्ड आणि बोल्ड इटॅलिक यांच्या चार वेगळ्या फाइली आहेत. एक्स्ट्रा बोल्डला तिरका जोडीदारच नाही. मग सॉफ्टवेअरनं सरळ अक्षरं नुसती ढकलून कलती केली. स्क्रीनवर चाललं. मोठ्या छपाईत मात्र ओ दोन कोपऱ्यांत सुजलेला आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत वाळलेला! नीट काढलेल्या इटॅलिकमध्ये हीच जाडी हातानं सावरलेली असते. तेव्हापासून बटणाला हात लावत नाही, यादीतून शैली निवडतो.

अंतराचं काम जास्त आहे. पट्ट्यांमुळे शेजारची अक्षरं एका हद्दीपलीकडे जवळ येत नाहीत, आणि एल-टी किंवा ए-व्ही अशा जोड्यांत भगदाड पडतं. मोठ्या आकारात ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्याच अक्षरांमधलं अंतर, थोडं उणे करून अशा जोड्या मी एकेक करून हातानं लावतो. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. दोन ओळी डावीकडे जुळवल्या तरी कडा वाकडीच वाटते; तिथेही मोजपट्टीपेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. व्हिडिओत ओळीच्या शेवटी एफ आला तर त्याचं टोक चौकटीबाहेर जाऊन कापलं जायचं. शेवटी एक स्पेस दिली, प्रश्न मिटला.

14 पॉइंटच्या उपशीर्षकात वापरू नका. छपाईत ए आणि ई यांची पोटं बुजतात. परिच्छेदाचा तर विचारच नको.

राहिली देवनागरीशी जोडी. इंग्रजी तिरकं आहे म्हणून मराठी शीर्षकही कलतं करण्याचा मोह मला झाला होता. शिरोरेषा आडवीच राहते, खालचे काने तेवढे कलंडतात, आणि शब्द दोरीवर वाऱ्यानं उडणाऱ्या कपड्यांसारखा दिसतो. आता मराठी सरळ आणि जाड ठेवतो, तिरकं फक्त इंग्रजी.