किडनी आणि मूत्रवाहिनी काढायची आहे: ओपन, दुर्बीण की रोबोट?

किडनीच्या आतल्या पोकळीत किंवा मूत्रवाहिनीत, म्हणजे युरेटरमध्ये, कॅन्सरची गाठ निघाली की नेहमीचं ऑपरेशन मोठंच असतं. त्या बाजूची किडनी, अख्खी मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयात शिरते तिथला भिंतीचा छोटा तुकडा, सगळं एकसंध काढतात. घरच्यांसमोर ओपन म्हणजे मोठा छेद, दुर्बीण म्हणजे पोटावरच्या छिद्रांतून लॅपरोस्कोपी आणि रोबोट असे तीन पर्याय येतात आणि बोलणं लगेच खर्चावर जातं. त्याआधी डॉक्टरांना विचारावं असा प्रश्न माझ्या मते एकच आहे: ‘मूत्रवाहिनीचं खालचं टोक तुम्ही कसं काढणार?’

किडनीच्या पोकळीपासून मूत्राशयापर्यंत आतलं अस्तर एकाच जातीचं असतं. खालचा तुकडा मागे राहिला तर कॅन्सर तिथेच पुन्हा डोकं वर काढू शकतो. ऑपरेशन नीट झालं तरी साधारण 22 ते 47 टक्के रुग्णांच्या मूत्राशयात पुढे गाठ उगवते. किडनी मोकळी करणं सरावाच्या सर्जनला फारसं अवघड नसतं. खरी कसोटी खाली, ओटीपोटात असते.

मुळात किडनी काढायलाच हवी का, हेही विचारून घ्या. गाठ एकच, 2 सेंटिमीटरपेक्षा लहान, बायोप्सीत कमी आक्रमक प्रतीची आणि सीटी स्कॅनमध्ये भिंतीत न घुसलेली असेल, तर एक वेगळी, बारीक दुर्बीण लघवीच्या मार्गाने वर नेऊन ती लेसरने जाळता येते. गाठ मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातच असेल, तर काही वेळा तेवढाच भाग काढून वरचं टोक मूत्राशयाला जोडतात. किडनी वाचते, पण तपासण्यांचा ससेमिरा वर्षानुवर्षं सुटत नाही.

आता तिन्ही पर्याय. ओपनमध्ये कुशीवर लांब छेद आणि बहुधा ओटीपोटावर दुसरा. दुखणं जास्त, घरी जायला उशीर. तरीही ही पद्धत जुनाट म्हणून मोडीत काढू नका. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका चाचणीत 80 रुग्णांची ओपन आणि दुर्बीण अशी विभागणी केली होती. एकूण निकाल सारखेच आले, पण आजूबाजूला पसरू लागलेल्या किंवा आक्रमक गाठींमध्ये ओपनवाले सरस ठरले. 80 ही संख्या लहान आहे, हे खरं. पण गाठ मोठी असेल, आजूबाजूला चिकटली असेल, तर ‘मी ओपन करेन’ म्हणणारा सर्जन मागासलेला नाही. टीबीने निकामी होऊन सगळीकडे चिकटलेल्या किडनीलाही हेच लागू.

दुर्बिणीतून किडनी काढण्याचं पहिलं ऑपरेशन अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी 1990 मध्ये केलं. आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांत ते सर्रास होतं. बरेच सर्जन किडनी दुर्बिणीतून सोडवतात आणि खालचं टोक ओटीपोटावर छोटा छेद घेऊन उघड्यावर काढतात. किडनीही त्याच छेदातून बाहेर येते. ही तडजोड नाही, चांगली सोय आहे.

रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. फायदा त्या हातांच्या मनगटात आहे: अवजाराचं टोक आत वळतं. त्यामुळे ओटीपोटात खोलवर मूत्राशयाचा तुकडा कापून भोक दोन थरांत शिवणं सोपं जातं. मूत्रवाहिनीला गाठीच्या खाली आधीच क्लिप लावतात, म्हणजे कॅन्सरच्या पेशी असलेली लघवी पोटात सांडत नाही. जुन्या मशीनमध्ये किडनीकडून मूत्राशयाकडे वळताना बऱ्याचदा रोबोट सोडून पुन्हा जोडावा लागे. 2014 साली आलेल्या दा विंची एक्सआय या रोबोटमध्ये ती कटकट बरीच कमी झाली. भारतीय बनावटीचा ‘एसएसआय मंत्रा’ही आता काही रुग्णालयांत आहे.

म्हणजे रोबोटची किंमत वसूल होते ती खालच्या अर्ध्या कामात. नुसती किडनी काढायला तो फार काही वाढवून देत नाही. 2017 मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या 23,753 किडनी-ऑपरेशनांची तुलना होती. मोठ्या गुंतागुंती दुर्बीण आणि रोबोट दोन्हींत सारख्याच निघाल्या. रोबोटमध्ये वेळ आणि खर्च मात्र जास्त. त्यामुळे किडनी रोबोटने आणि खालचं टोक शेवटी छेद घेऊनच काढणार असतील, तर जादा पैसे कशाचे, हे स्पष्ट विचारा. आणि ‘फक्त चार-पाच छिद्रं’ या जाहिरातीवर जाऊ नका. किडनी पिशवीत घालून अखंड बाहेर काढावी लागते, त्यासाठी पाच-सात सेंटिमीटरचा छेद लागतोच.

पद्धतीपेक्षा फरक पाडणाऱ्या दोन गोष्टी ब्रोशरमध्ये नसतात. एक, ऑपरेशननंतर कॅथेटरमधून मूत्राशयात मायटोमायसिनसारख्या औषधाचा एक डोस. ब्रिटनमधल्या चाचणीत त्याने पहिल्या वर्षातल्या मूत्राशयातल्या गाठी 27 वरून 17 टक्क्यांवर आल्या. दोन, केमो. एक किडनी गेली की रक्तातलं क्रिएटिनिन चढतं, म्हणजे किडनीचं काम मंदावतं, आणि सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झेपेलच असं नाही. गाठ आक्रमक वाटत असेल तर केमो आधी द्यायची का, हे तारीख पक्की करण्याआधी ऑन्कोलॉजिस्टशी बोलून ठरवा.

माझा कौल असा: गाठ आतच असेल तर दुर्बीण किंवा रोबोट, ज्यात तुमच्या सर्जनचा हात बसला आहे ते. पसरलेली असेल तर ओपनला बिचकू नका. विम्याचं म्हणाल तर आयआरडीएआय या विमा नियामकाच्या नियमांनुसार रोबोटिक सर्जरी सरसकट वगळता येत नाही, पण मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विमा रकमेच्या 50 टक्के आहे. कॅशलेसचा अर्ज जाण्यापूर्वी रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्यांकडे, पॉलिसीतलं ते कलम दाखवून वरची रक्कम कोण भरणार ते लेखी घ्या.