मुलांची ११० सीसी एटीव्ही: गाडी ठीक, पण स्पीडचा स्क्रू स्वतः लावा

मुरबाडकडे आमची थोडी जमीन आहे, तिथल्या माळावर फिरवायला म्हणून सात वर्षांच्या पोरासाठी ही पेट्रोलवाली छोटी क्वाड, म्हणजे जाड टायरची, कच्च्या जमिनीवर चालवायची चारचाकी एटीव्ही, घोडबंदर रोडवरच्या एका दुकानातून घेतली. चायनीज इंजिन आणि जोडणी इकडची, टाकीवर जे स्टिकर आहे ते शेजारच्या दुकानात वेगळं दिसेल त्यामुळे ब्रँडचं नाव देण्यात काही अर्थ नाही. पाऊस संपल्यापासून वापरतोय. सेल्फ एका बटनात लागतो, रिव्हर्स आहे, सस्पेन्शन त्या किमतीला बरंच म्हणायचं. पण हे सगळं तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत मिळेल, मला लिहायचंय ते स्पीडबद्दल, कारण ते दुकानात कुणीच धड सांगत नाही.

दुकानातल्या माणसाचं एकच पालुपद, साहेब रिमोट आहे ना, पोरगं सुसाट गेलं की बटन दाबा, खेळ खलास. अहो पण रिमोट फक्त इंजिन बंद करतो, ब्रेक लावत नाही! सपाटीवर गाडी थोडी पुढे जाऊन थांबते ते ठीक, उतारावर मात्र इंजिन बंद पडलं की क्लच सुटतो आणि गाडी आपली घरंगळत राहते, आणि पोरगं तोवर गोंधळून ब्रेक विसरलेलं असतं. मागे एक लाल दोरी पण असते, ओढली की इंजिन बंद, सुरुवातीला ती हातात धरून मागे चालायचं. दोन्ही गोष्टी हव्यातच, पण त्या वेग वाढल्यावरच्या आहेत. वेग वाढूच नये यासाठी जे आहे ते म्हणजे थ्रॉटलचा स्क्रू.

उजव्या हँडलला अंगठ्याने रेस द्यायची जी डबी असते ना, तिला बाहेरून एक छोटा स्क्रू आणि त्यावर लॉकनट असतो. नट सैल करा, स्क्रू आत पिळा, की अंगठ्याचा खटका तेवढाच कमी दाबला जातो. बाहेर काढला की पूर्ण रेस. बस इतकंच. तरी डिलिव्हरीच्या वेळी आमचा स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर होता, म्हणजे सात वर्षाच्या मुलाची गाडी म्हणून विकली आणि रेस मोठ्याची. यासाठी दुकानाचे गुण कापले.

सेटिंग करताना मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका, कमी वेगात तो मागे-पुढे होतो. त्यापेक्षा टेपने सरळ २५ मीटर मोजा, दोन दगड ठेवा आणि गाडी आधीपासून चालत्या वेगात आणून स्टॉपवॉच लावा. ९ सेकंद लागले तर ताशी १० किलोमीटर, ६ लागले तर १५. आणि मुलालाच बसवून मोजा, हेल्मेट वगैरे घालून, तुम्ही स्वतः बसलात तर वजनामुळे गाडी हळू जाणार आणि आकडा खोटा येणार. पहिल्यांदा स्क्रू मुद्दाम जास्तच आत ठेवा, मग थोडा थोडा बाहेर. मी १० वर ठेवलंय, शेजारून पळत जाऊन हँडल पकडता येतं इतपत. यावर मेहुण्याचं म्हणणं, यापेक्षा बैलगाडी बरी. असू दे.

अमेरिकेत मुलांच्या एटीव्हीचं जे स्टँडर्ड आहे त्यात ६ वर्षांपासूनच्या गाडीला लिमिटर (वेग अडवणारी सोय, आपल्या स्क्रूसारखी) लावून ताशी १६ किलोमीटर आणि काढून २४, तर १० वर्षांपासूनच्या गाडीला २४ आणि ४८ अशी मर्यादा आहे. आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांच्या खाली एटीव्ही नकोच म्हणते. आपल्याकडे दुकानात वय विचारतात ते सीटची उंची बघायला.

आता स्क्रूचा तोटा. तो वेग थेट अडवत नाही, फक्त रेस अडवतो, त्यामुळे उतारावर गाडी ठरवलेल्या आकड्याच्या पुढे जातेच, आणि चढावर मुरमात दम सोडते. मग पोरगं अंगठा पूर्ण दाबून धरायला शिकतं, ही सवय वाईट, कारण उद्या स्क्रू सैल केलात की तोच अंगठा तसाच दाबणार. आमच्या मेकॅनिकने चांगला उपाय दिला, पुढचं चेन स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, कमी दातांचं टाकलं. टॉप स्पीड कमी झाला, ओढ वाढली, आणि स्क्रू इतका आत पिळायची गरज उरली नाही. फक्त ओढ वाढल्याने सुटताना झटका बसू शकतो, तेव्हा हळू रेस द्यायला शिकवा आणि चेनचा ताण परत तपासा. काही छोट्या मॉडेलमध्ये सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक भोकाची चकती घालून पण वेग कमी करतात, पण ती दर वेळी काढ-घाल कोण करणार.

लॉकनट कंपनाने सैल होतो, शिवाय पोरं हुशार असतात, एक दहाचा पान्हा सापडला की झालं. बायकोने स्क्रू आणि डबीवर मिळून नेलपेंटची रेघ ओढलीये, रेघ तुटलेली दिसली की समजायचं कुणीतरी हात लावलाय. बसायच्या आधी तेवढं बघतो.

टायरबद्दल पण सांगतो, यात हवा फार कमी लागते, टायरवर लिहिलेला आकडा वाचा, पंपावरचा मुलगा स्कूटरसारखी ३० भरून देतो आणि मग गाडी बेडकासारखी उडते. मागचा एक्सल सरळ एकच दांडा आहे, दोन्ही चाकं एकत्र फिरतात, त्यामुळे डांबरी रस्त्यावर वळताना आतलं चाक घसरत नाही आणि गाडी कलते. म्हणून सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर पण नाही. बाहेरच्या रस्त्याचा तर प्रश्नच नाही, अल्पवयीन मुलाने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मागे चुलत भावाला बसवायचं नाही यावरून घरात अजून रडारड चालू आहे, ती चालू दे.

गाडीला पाचपैकी साडेतीन, दुकानाला दोन. घ्यायला गेलात तर रंग बघायच्या आधी थ्रॉटलची डबी दाखवायला सांगा, स्क्रू समोरच फिरवून दाखवू दे, आणि मूल सहाच्या आतलं असेल तर ११० बघूच नका, चावी फिरवून तीन स्पीड ठरवता येतात अशी बॅटरीवाली घ्या, तिची चावी हळू स्पीडवर लावून काढून खिशात ठेवता येते.