मोफत एसएसएल प्रमाणपत्र : आंब्याचा हंगाम आणि पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

देवगडजवळच्या आमच्या बागेतील हापूस आम्ही दलालाकडे न पाठवता स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना विकतो. हे संकेतस्थळ वर्डप्रेसचे असून शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या सामायिक सर्व्हरवर, चालते. त्यावर लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे मोफत एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइट आणि ग्राहक यांच्यातली माहिती सांकेतिक करून पाठवता यावी यासाठीची डिजिटल फाइल, सी-पॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पानातून बसवलेले आहे. पूर्ण हंगाम आणि त्यामागून आलेला पावसाळा त्यावर काढल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की, आमच्यासारख्या लहान विक्रेत्याने प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही. मात्र त्याचे नूतनीकरण आपोआप होत आहे की नाही, याकडे बारीक लक्ष हवे.

प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही, हे उघड आहे. जुलै २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६८ पासून साध्या एचटीटीपी (प्रमाणपत्राविना चालणाऱ्या, असुरक्षित) पत्त्यापुढे ‘नॉट सिक्युअर’ असा शेरा दिसतो, आणि नाव, पत्ता, फोन नंबर भरायच्या पानावर तो दिसला की नवा ग्राहक तिथूनच माघारी फिरतो.

पूर्वी विकतचे प्रमाणपत्र असताना दरवर्षी सीएसआर (प्रमाणपत्राच्या मागणीची फाइल) तयार करणे, प्रायव्हेट की (साइटची गुप्त किल्ली) जपून ठेवणे, आलेल्या फायली योग्य चौकटीत चिकटवणे हे सारे हाताने करावे लागे. त्यातले सीए बंडल, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची जोडप्रमाणपत्रे, राहून गेले, तर संगणकावर साइट सुरळीत उघडे आणि काही मोबाइलवर धोक्याची सूचना येई. आता सी-पॅनेलच्या ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’मध्ये डोमेन निवडून ‘रन ऑटोएसएसएल’ दाबले की एरवी काही मिनिटांत काम होते.

आमच्याकडे ते पहिल्यांदा झाले नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्याजोगे आहे. प्रमाणपत्र देण्यापूर्वी डोमेन खरोखर आपल्या ताब्यात आहे का, हे तपासण्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचा सर्व्हर आपल्या साइटवरच्या ‘.वेल-नोन/अ‍ॅक्मी-चॅलेंज’ या फोल्डरातील एक फाइल मागतो. होस्टिंग बदलल्यावर डीएनएसमधला, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदवहीतला, ए रेकॉर्ड (जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४ चा पत्ता) नव्या सर्व्हरकडे वळवला गेला होता, पण आधीच्या होस्टिंगच्या काळातला एएएए रेकॉर्ड, म्हणजे नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ चा पत्ता, तसाच राहिला होता. घरच्या ब्रॉडबँडवर केवळ आयपीव्ही४ असल्यामुळे आम्हाला नवीच साइट दिसत होती. तपासणी करणारा सर्व्हर मात्र आयपीव्ही६ ला प्राधान्य देत असल्याने जुन्या जागी जाऊन ‘४०४’ (फाइल सापडली नाही) असे उत्तर घेऊन परतत होता. त्रुटीच्या नोंदीत छापलेला तो लांबलचक पत्ता नीट वाचला, तेव्हा उलगडा झाला. रेकॉर्ड काढून टाकला, बदल सगळीकडे पोहोचेपर्यंत थांबलो आणि पुढच्याच खेपेस प्रमाणपत्र मिळाले. होस्टिंग बदललेल्या प्रत्येकाने हा एक रेकॉर्ड आवर्जून पाहावा.

त्यानंतर मिश्र मजकुराचा, म्हणजे सुरक्षित पानात असुरक्षित पत्त्यावरून येणाऱ्या भागांचा, प्रश्न आला. पेट्यांची एकूण किंमत मोजणारी स्क्रिप्ट जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून येत असल्याने ब्राउझर ती अडवत होता. चार डझनांच्या पेट्या एकाच्या दोन केल्या तरी रक्कम जागची हलत नव्हती. डेटाबेसचा बॅकअप घेऊन ‘बेटर सर्च रिप्लेस’ या प्लगइनने सगळे पत्ते बदलले आणि सारे नीट चालते हे पाहूनच ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचे नव्या सुरक्षित पत्त्याकडे वळवणे) लावला. हा क्रम उलटा करू नये.

या व्यवस्थेचे खरे मोल पावसाळ्यात कळते. हे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि साधारण ६० दिवसांनंतर ते नवे करून घ्यावे, अशी शिफारस आहे. जून-जुलैत तारेवर फांदी पडली की आमच्याकडची वीज जाते आणि मागोमाग मोबाइलचे नेटवर्कही जाते. अशा दिवसांत हाताने नूतनीकरण करायचे ठरवले असते, तर मुदत निश्चितच टळली असती. हे काम होस्टिंगच्या सर्व्हरवर होत असल्याने आमच्या घरच्या अंधाराचा त्याला काहीच उपद्रव झाला नाही. यापुढे विकतची प्रमाणपत्रेही फार दिवस टिकणार नाहीत : प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार पूर्वीची ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. मुदत संपत आल्याची ई-मेलने सूचना देणे लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये थांबवले, म्हणून मी वेगळी देखरेख सेवा लावली आहे आणि ती सर्वांनी लावावी असा माझा आग्रह आहे.

या प्रमाणपत्राची मर्यादाही ग्राहकांना प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोमेन अर्जदाराच्या ताब्यात आहे, एवढेच ते सिद्ध करते आणि वाटेतली माहिती सुरक्षित ठेवते. पेटीतला आंबा अस्सल हापूस आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नाही, त्यासाठी २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आहे. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्यापुढचे कुलपाचे चिन्ह काढले ते ‘कुलूप आहे म्हणजे साइट विश्वासार्ह’ या गैरसमजामुळे, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

नवे होस्टिंग घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वीच मोफत प्रमाणपत्र आणि त्याचे आपोआप नूतनीकरण निवडलेल्या योजनेत समाविष्ट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर दुसरीकडे पाहावे.