रायझन 5600 एक्सवर टॉवर कूलर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

रायझन 5600 एक्स हा एएमडीचा प्रोसेसर, आणि त्याची उष्णता काढणारा माझा कूलर थर्मलराइटचा असॅसिन एक्स 120 रिफाइन्ड एसई. धातूच्या पात्यांचा एकच टॉवर, त्यात उष्णता नेणारे चार हीट पाईप, 120 मिमीचा एक पंखा. मला दोन हजारांच्या आत पडला. मी स्वतः जोडलेल्या पहिल्याच पीसीत तो मार्चपासून चालतोय आणि मी खूश आहे. पण तापमानाच्या ज्या आकड्यांकडे बघून लोक कूलर बदलतात, ते आकडे मुंबईत वेगळ्या हिशोबाने वाचावे लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रोसेसरबरोबर डब्यात आलेल्या रेथ स्टेल्थने त्याचं काम चोख केलं. या प्रोसेसरची मर्यादा 95 अंश आहे आणि व्हिडिओ रेंडर करताना तो 90 च्या आतच राहायचा. पण तो कूलर जेमतेम 54 मिमी उंच, सगळा ॲल्युमिनियमचा. एवढ्याशा धातूतून उष्णता काढायची तर पंख्याला जोरात फिरावंच लागतं. आमच्या मुलुंडच्या घरात पीसी हॉलमध्ये आणि आजीही हॉलमध्येच झोपते. रात्री व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की कूस बदलत म्हणायची, "अगं, ती गिरणी बंद कर आता." कूलर बदलायचं खरं कारण हे. तापमान नंतर.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एका दुकानात "मुंबईची गरमी आहे मॅडम, लिक्विडच घ्या" असा सल्ला मिळाला. नाही घेतला. हा 65 वॅटचा प्रोसेसर आहे, पूर्ण भाराखालीही सॉकेटमधून (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेतून) 76 वॅटच्या वर ओढत नाही. आणि द्रव फिरवून गार करणारा लिक्विड कूलर तरी शेवटी खोलीतल्याच हवेवर चालतो.

बसवण्यापेक्षा जुना काढणं जास्त नाजूक निघालं. एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी जुनी पेस्ट घट्ट धरून बसलेली असते. कूलर सरळ वर ओढला तर लॉक असूनही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर भार टाकून पेस्ट गरम केली, मग बंद करून प्लग काढला, स्क्रू सोडवले आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत राहिले. थोड्या वेळाने तो सैल होऊन सरकल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचलायचा. या जुन्या कूलरचे स्क्रू थेट बोर्डामागच्या आधाराच्या पट्टीत, म्हणजे बॅकप्लेटमध्ये जातात, त्यामुळे ते सुटले की बॅकप्लेटही मोकळी होते. कॅबिनेट आडवं ठेवून मागून एक हात लावायला भावाला बसवलं होतं. नव्या कूलरला बोर्डाची तीच बॅकप्लेट लागते, ती टाकू नका.

पुढचं सोपं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध नवीन पेस्टचा छोटा ठिपका. टॉवरच्या बुडाची प्लास्टिकची फिल्म काढली आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर दाब तिरका पडतो. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर बरेच बोर्ड सुरू होतानाच पंखा नसल्याची तक्रार करतात. पंखा पहिल्या रॅम स्लॉटवर झुकतो. माझ्या दोन्ही स्टिका दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असल्यामुळे अडलं नाही.

आता आकडे. एप्रिलमध्ये हॉल 32 अंशांवर असताना प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटं चालवली, प्रोसेसर 75 च्या आसपास स्थिरावला. बाहेरच्या रिव्ह्यूंमधले याहून दहा अंश कमी आकडे बघून आधी वाटलं, कूलर नीट बसला नाही की काय. पण त्या चाचण्या बहुतेक 20-22 अंशांच्या खोलीत होतात. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानावर किती अंश चढू देतो, एवढंच त्याच्या हातात असतं. माझ्याकडे तो फरक 43 च्या आसपास. एसी लावून हॉल 25 वर आणला तेव्हा प्रोसेसर 68 वर आला, म्हणजे फरक तोच. कूलर निवडताना हा फरक बघा, नुसता आकडा नको. छताचा पंखा फुल्ल केल्याने इथे फरक पडत नाही. वाऱ्याने आपल्याला गार वाटतं ते घाम उडतो म्हणून, हीटसिंकला, म्हणजे कूलरच्या धातूला, कुठे घाम येतो! कॅबिनेट मात्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्यावर दोन-तीन अंश उतरले.

आवाजासाठी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) थोडं काम करावं लागलं. रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणभर उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो, वर-खाली होणारा तो आवाज सलग आवाजापेक्षा जास्त टोचतो. म्हणून 65 अंशांपर्यंत पंखा मंदच ठेवला आणि वेग वाढायला काही सेकंदांचा उशीर लावला. आता रेंडर चालू असताना छताच्या पंख्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही. आजीने विषय काढणं सोडलं.

पावसाळ्याचा त्रास वेगळाच. शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. ती सिमेंटची धूळ आणि जुलैची दमट हवा, दोन्ही मिळून चिकट राखाडी थर बसतो, तोही नेमका पंखा आणि टॉवरच्या पात्यांच्या मधल्या फटीत, बाहेरून न दिसणाऱ्या जागी. तोच प्रयोग, तेवढंच खोलीचं तापमान आणि आकडा चार-पाच अंश वर, तेव्हा लक्षात आलं. तारेच्या क्लिपा सोडवून पंखा बाजूला केला, कोरड्या ब्रशने आणि हातपंपाच्या ब्लोअरने झाडलं, आकडा पूर्वपदावर. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका.

घ्यायच्या आधी कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची बघा. हा 148 मिमी आहे, तरी काही छोट्या कॅबिनेटची काच लागत नाही. आणि तुमचा पीसी एसीच्या खोलीत, कानाला हेडफोन आणि प्रोसेसर हाच असेल, तर डब्यातला कूलर पुरेसा आहे. ते दोन हजार एसएसडीत घाला.