सीआर की डीआर? आधी मशीन किती एमएचं ते सांगा

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत नवा दवाखाना थाटणारे डॉक्टर हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतात: सीआर (कम्प्युटेड रेडिओग्राफी) घेऊ की डीआर (डिजिटल रेडिओग्राफी)? दोन्ही फिल्मऐवजी एक्स-रे कॉम्प्युटरवर आणणाऱ्या पद्धती. एक्स-रे काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: मशीन किती एमएचं, म्हणजे किती मिलिअँपिअर करंटचं घेताय?

कमरेचा लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला एक्स-रे धरा. 80 एमएएस (एमए गुणिले सेकंद) लागले, तर 60 एमएच्या पोर्टेबलवर एक्स्पोजर सव्वा सेकंदाच्या वर जातं. 300 एमएवर तेच साधारण पाव सेकंदात उरकतं. कमरेत भरलेला माणूस सव्वा सेकंद श्वास रोखून निपचित पडेल, ही अपेक्षाच चुकीची. आणि हललेला एक्स-रे ना सीआर सरळ करून देत, ना डीआर. ग्रिडचंही (विखुरलेले किरण अडवणाऱ्या जाळीचंही) तेच. तालमीतल्या पैलवानाची कंबर ग्रिडशिवाय घेतली, की मणके जुलैतल्या आंबा घाटासारखे धुक्यात जातात.

नदीकाठच्या गावात दवाखाना असेल, तर आणखी एक गोष्ट. उसाचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. जुन्या मशीनवर दर पेशंटला लाइन व्होल्टेजची खुंटी फिरवून काटा खुणेवर आणायचा, नाहीतर केव्ही (किलोव्होल्ट, किरणांची भेदकता ठरवणारा आकडा) कमी पडतो. हाय फ्रिक्वेन्सी मशीन हा चढउतार बराचसा स्वतःच सांभाळतं.

आता सीआर-डीआर. सीआरमध्ये कॅसेटच्या आत फॉस्फरची प्लेट असते. एक्स-रे काढला की ती कॅसेट रीडरमध्ये घालायची, लेझर ती वाचतो, मिनिटभराने चित्र येतं. डीआरचं पॅनल तेच काही सेकंदांत दाखवतं. बारकाव्यात दोघांत लोक समजतात तेवढी तफावत नाही. फरक पडतो तो डोसमध्ये: डीआरमध्ये सिझियम आयोडाइडचा थर असलेलं पॅनल कमी किरणांत स्वच्छ चित्र देतं. गॅडोलिनियमचं स्वस्त पडतं, पण त्यात हा फायदा कमी. कोटेशनवर नुसतं ‘डीआर’ लिहिलं असेल, तर कोणतं ते विचाराच.

सीआरचा खरा जाच धुळीचा. रीडरमध्ये कचरा बसला की प्रत्येक एक्स-रेवर त्याच जागी पांढरी रेघ उमटते. एकदा ती रेघ नेमकी मनगटावर आली आणि आम्ही दोन पेशंट परत बोलावले. डीआरची भीती वेगळी: पॅनल हातातून सुटलं तर खर्च मोठा. हाताळताना पडलेलं पॅनल वॉरंटीत बसतं का, हे लेखी घ्या.

एक सवय मात्र दोन्हीकडे बिघडते. फिल्मवर एक्स्पोजर जास्त झालं की काळं दिसायचं, चूक लगेच कळायची. डिजिटलमध्ये चित्र छानच दिसतं, म्हणून टेक्निशियन हळूहळू एमएएस वाढवत जातो आणि पेशंट फुकटचे किरण खातो. किरण हवे त्यापेक्षा किती कमी-जास्त पडले, हे डेव्हिएशन इंडेक्स हा आकडा सांगतो; तो प्लस तीन म्हणजे हवे त्याच्या दुप्पट किरण. तो आकडा स्क्रीनवर दिसतो का, डेमोतच बघा.

दिवसाला दहा-पंधरा एक्स-रे असतील तर मी सीआर घेईन आणि वाचलेले पैसे 300 एमएच्या हाय फ्रिक्वेन्सी मशीनमध्ये घालेन. फ्रॅक्चरचंच काम असेल, प्लास्टरनंतर लगेच बघायचं असेल, तर डीआर. नंतर बदलायचं झालं तरी अडत नाही. चौदा बाय सतरा इंचाचं पॅनल बहुतेक टेबलांच्या त्याच कॅसेट ट्रेमध्ये बसतं. ट्रेचं माप तेवढं आधी घेऊन ठेवा.